हृदयाचे बोल : छाती तपासताना विकृत ध्वनी कसे ओळखावेत



स्मरणिकेत धम्मविषयक व सामाजिक लेखांसोबत एखादा आरोग्यविषयक अभ्यासपाठही असावा, असे आम्हांस वाटते. आज आपल्या समाजातील अनेक मुले-मुली वैद्यकीय महाविद्यालयांत, परिचारिका प्रशिक्षण केंद्रांत व प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमांत शिकत आहेत. त्यांना परीक्षेसाठी व पुढे आयुष्यभराच्या कामासाठी उपयोगी पडावा, आणि इतर सभासदांना आपल्या मुलांच्या प्रकृतीकडे डोळसपणे पाहता यावे, या हेतूने हा पाठ लिहिला आहे. विषय आहे हृदयाच्या ध्वनींचा. स्टेथोस्कोप कानाला लावल्यावर निरोगी हृदय काय बोलते, आजारी हृदय काय बोलते आणि त्यांतील फरक कसा ओळखावा, हे क्रमाने पाहू.

तपासणी म्हणजे स्पर्श

छातीवर नळी ठेवून ऐकण्याची पद्धत फार जुनी नाही. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लेनेक या डॉक्टरांकडे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री आली. त्या काळी डॉक्टर थेट रुग्णाच्या छातीवर कान ठेवीत. तसे करणे लेनेक यांना प्रशस्त वाटले नाही. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाशी धरले. थेट कान लावून येत असे त्याहूनही स्पष्ट आवाज त्यांना आला. पुढे त्यांनी लाकडी नळी बनविली व १८१९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्त्रीची मर्यादा राखूनही तिची संपूर्ण तपासणी व्हावी, या गरजेतून हे साधन जन्माला आले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विसरू नये.

परंतु आपल्या देशात साधन आले म्हणजे तपासणी झाली असे नव्हते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात काठेवाडमधील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र नोंदविले आहे. ते पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाले होते. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. श्वास घेणे कठीण झाले, बरगड्यांत कळा येऊ लागल्या. डॉक्टर आले ते वस्तीबाहेर तपासण्याच्या अटीवर. ओल्या बाळंतिणीला बाळासह वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरांनी थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाच्या हाती दिला, शिक्षकाने पत्नीला लावला आणि त्याच मार्गाने परत केला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, औषध पाठविले आणि पुन्हा पाहावयास येण्याचे नाकारले. ती माउली वाचली नाही. छातीला हात लावल्याचा अथवा नळी ठेवल्याचा उल्लेख त्या पत्रात कोठेही नाही.

हा इतिहास आम्ही कटुता वाढविण्यासाठी सांगत नाही. छाती तपासणे म्हणजे माणसाच्या जवळ जाणे, त्याला हात लावणे आणि त्याचे ऐकून घेणे होय. विनयपिटकातील महावग्गात तथागतांची एक कथा आहे. पोटाच्या विकाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले व उचलून मंचकावर निजविले. ज्यांच्या पूर्वजांना वैद्याचा स्पर्श नाकारला गेला, त्यांच्या मुलांनी तरी रुग्णाला अर्धवट तपासून परत पाठवू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

निरोगी हृदयाचा आवाज

आता विषयाकडे वळू. हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा असतात. डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यामध्ये द्विदल झडप, उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये त्रिदल झडप. डाव्या खालच्या कप्प्यातून महाधमनी निघते, तिच्या तोंडाशी महाधमनीची झडप असते. उजव्या खालच्या कप्प्यातून फुफ्फुस धमनी निघते, तिच्या तोंडाशी तिची झडप असते. झडपांचे काम दारासारखे आहे. रक्ताला पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही.

हृदयाचा ‘लब-डब’ असा जोड आवाज आपण सर्वांनी ऐकलेला असतो. खालचे कप्पे आकुंचन पावू लागताच द्विदल व त्रिदल झडपा मिटतात, तो पहिला ध्वनी, ‘लब’. आकुंचन संपताच महाधमनी व फुफ्फुस धमनीच्या झडपा मिटतात, तो दुसरा ध्वनी, ‘डब’. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा काळ आकुंचनाचा आणि दुसऱ्यापासून पुढच्या पहिल्यापर्यंतचा काळ प्रसरणाचा. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा ही दारे उघडतात आणि मिटतात. निरोगी हृदयात या दोन ध्वनींच्या मधल्या दोन्ही जागा शांत असतात. विकृत ध्वनी ओळखणे म्हणजे दोन गोष्टी तपासणे. हे दोन ध्वनी जसे असावेत तसे आहेत का? आणि मधली शांतता खरोखर शांत आहे का?

ऐकण्यापूर्वीची तयारी

घाईने कपड्यावरून नळी लावून काहीही कळत नाही. पुढील गोष्टी सवयीच्या करून घ्याव्यात.

१) रुग्णाला काय करणार आहोत ते सांगून परवानगी घ्यावी. स्त्रीरुग्णाच्या वेळी दुसरी स्त्री उपस्थित असावी. आडोसा असावा. जेवढा भाग तपासावयाचा तेवढाच उघडा करावा.

२) पंखा, रेडिओ, मोबाईल बंद करावेत. शिबिरात गोंगाट असेल तर एक खोली केवळ छाती तपासण्यासाठी राखून ठेवावी.

३) नळी लावण्यापूर्वी पाहावे व चाचपावे. नखे, जीभ व डोळ्यांच्या पापण्यांची आतील बाजू पाहावी. फिकटपणा आहे का? निळसरपणा आहे का? मानेच्या शिरा फुगल्या आहेत का? पायांवर सूज आहे का? तळहात छातीवर ठेवून हृदयाचा ठोका कोठे लागतो ते पाहावे. मांजर गुरगुरताना तिच्या अंगावर हात ठेवला तर जसा कंप जाणवतो, तसा कंप लागला तर तो महत्त्वाचा आहे.

४) स्टेथोस्कोपच्या दोन बाजू असतात. पडद्याची चपटी बाजू दाबून धरली की उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. घंटीसारखी खोलगट बाजू अलगद टेकविली की खालच्या पट्टीचे, घरघरणारे आवाज ऐकू येतात. घंटी दाबून धरली तर ताणलेली त्वचाच पडद्याचे काम करते आणि नेमका हवा तो आवाज हरवतो.

कोठे ऐकावे

गळ्याखालून छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली सरकविले की एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारची बरगडी दुसरी. तिच्याखालची फट ती दुसरी फट. येथून मोजणी करावी.

उजवीकडील दुसरी फट, मधल्या हाडालगत, ही महाधमनीच्या झडपेची जागा. डावीकडील दुसरी फट, ही फुफ्फुस धमनीच्या झडपेची. मधल्या हाडाच्या डाव्या कडेला खालच्या बाजूस, चौथ्या-पाचव्या फटीजवळ, त्रिदल झडपेची. आणि डावीकडील पाचव्या फटीत, गळ्याखालच्या हाडाच्या मध्यावरून खाली ओढलेल्या रेषेजवळ, हृदयाच्या टोकाची म्हणजे द्विदल झडपेची जागा. झडपा प्रत्यक्ष या ठिकाणी नसतात; त्यांचे आवाज रक्ताच्या प्रवाहाबरोबर या ठिकाणी उत्तम पोहोचतात. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना नळी उचलून ठेवू नये, थोडी थोडी सरकवावी. चारही जागा झाल्यावर डावी काख, मान आणि पाठही ऐकावी.

विद्यार्थ्यांची पहिली अडचण असते ती ‘लब’ कोणता आणि ‘डब’ कोणता हे ओळखण्याची. ठोके जलद असतील तर दोन्ही अंतरे सारखीच भासतात. अशा वेळी दुसऱ्या हाताची बोटे मानेतील नाडीवर हलकेच ठेवावीत. नाडीच्या उसळीबरोबर जो आवाज येतो तो पहिला. मनगटाची नाडी येथे उपयोगाची नाही, कारण ती किंचित उशिरा लागते. एवढी एक गोष्ट पक्की झाली की पुढील अर्धा अभ्यास सोपा होतो.

ध्वनीतील विकृती

एका वेळी एकच गोष्ट ऐकावी. प्रथम केवळ पहिला ध्वनी, नंतर केवळ दुसरा, नंतर आकुंचनाचा काळ, शेवटी प्रसरणाचा काळ. सर्व एकदम ऐकू पाहणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही.

पहिला ध्वनी टोकाजवळ फार मोठा, टपकन वाजल्यासारखा असेल तर द्विदल झडप अरुंद झाल्याची शंका घ्यावी. फार मंद असेल तर झडप गळत असणे, हृदयाचे स्नायू दुर्बल असणे अथवा हृदयाभोवती पाणी असणे, अशी कारणे संभवतात. लठ्ठपणातही तो मंद येतो.

दुसरा ध्वनी श्वास आत घेताना किंचित दुभंगतो आणि सोडताना पुन्हा एक होतो. हे तरुणांत स्वाभाविक आहे. श्वास कसाही असला तरी तो सारखाच दुभंगलेला राहिला, तर वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतः छिद्र असण्याची शक्यता असते. डाव्या दुसऱ्या फटीत दुसरा ध्वनी जोरात वाजत असेल तर फुफ्फुसांतील रक्तदाब वाढला आहे, असे समजावे.

तिसरा ध्वनी दुसऱ्यानंतर लगेच, खालच्या पट्टीत येतो. लहान मुलांत, तरुणांत व गर्भवती स्त्रियांत तो स्वाभाविक असू शकतो. चाळिशीनंतर तो ऐकू आला आणि सोबत धाप, पायांवर सूज असेल तर हृदय थकल्याची ती खूण आहे. ठोके जलद असतील तर घोड्याच्या टापांसारखी लय ऐकू येते. चौथा ध्वनी पहिल्याच्या किंचित आधी येतो. वर्षानुवर्षे रक्तदाब वाढलेला असून खालचा कप्पा ताठर झाला असेल तर तो ऐकू येतो.

याशिवाय तीन आवाज लक्षात ठेवावेत. अरुंद पण अद्याप लवचिक असलेली द्विदल झडप उघडताना दुसऱ्या ध्वनीनंतर लगेच ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. झडप वरच्या कप्प्याकडे फुगत असेल तर आकुंचनाच्या मध्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. आणि हृदयाच्या आवरणाला सूज आली असता नव्या चामडी वहाणेच्या करकरीसारखा खरखरीत आवाज येतो, तो रुग्णाला पुढे वाकवून बसविले की अधिक स्पष्ट होतो.

मर्मर म्हणजे काय

संथ वाहणाऱ्या कालव्याला आवाज नसतो. त्याच पाण्याला अरुंद मोरीतून जावे लागले, अथवा मिटलेल्या दाराच्या फटीतून ते मागे फिरले, की खळखळ ऐकू येते. रक्ताचेही तसेच आहे. झडप अरुंद झाली, गळू लागली, पडद्याला छिद्र असले किंवा रक्ताचा वेगच फार वाढला, तर मधल्या शांत जागेत सूं, घर्र, फूं असा लांबट आवाज येतो. त्याला मर्मर म्हणतात. मर्मर ऐकू आली की पाच प्रश्न विचारावेत. ती केव्हा येते? कोठे सर्वांत मोठी आहे? कोठे पसरते? केवढी मोठी आहे? आणि श्वासाने व शरीराच्या स्थितीने ती कशी बदलते?

मोठेपणाच्या सहा श्रेणी बोस्टनचे डॉ. सॅम्युएल लेव्हाइन यांनी १९३३ मध्ये सुचविल्या, त्या आजही वापरतात. पहिली श्रेणी कान देऊन ऐकल्यावरच कळणारी, दुसरी मंद पण लगेच कळणारी, तिसरी मोठी, पण हाताला कंप न लागणारी, चौथी कंपासह, पाचवी नळीची केवळ कड टेकली तरी ऐकू येणारी, आणि सहावी नळी छातीपासून किंचित दूर धरली तरी ऐकू येणारी.

आता मुख्य प्रकार पाहू.

आकुंचनाच्या काळातील मर्मर : महाधमनीची झडप अरुंद असेल तर उजव्या दुसऱ्या फटीत खरखरीत मर्मर येते, मध्यावर वाढते, मग ओसरते आणि मानेकडे जाते. द्विदल झडप गळत असेल तर टोकाजवळ पहिल्या ध्वनीपासून दुसऱ्यापर्यंत एकसारखी फुंकर ऐकू येते आणि ती काखेकडे पसरते. खालच्या कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असेल तर मधल्या हाडाच्या डाव्या कडेला खरखरीत, बहुधा कंपासह मर्मर येते. आणखी एक प्रकार तरुणांनी लक्षात घ्यावा. पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणारा मुलगा धावताना चक्कर येऊन पडला असेल, आणि त्याच्या छातीतील मर्मर उभे राहिल्यावर वाढत असेल व उकिडवे बसल्यावर कमी होत असेल, तर हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार असू शकतो. अशा मुलाचे धावणे पूर्ण तपासणी होईपर्यंत त्याच दिवशी थांबवावे.

प्रसरणाच्या काळातील मर्मर : हिला नेहमी रोग समजूनच पुढील तपासणी करावी. महाधमनीची झडप गळत असेल तर दुसऱ्या ध्वनीला लागूनच मऊ, ओसरत जाणारी फुंकर येते. ती ऐकण्यासाठी रुग्णाला पुढे वाकवून, श्वास पूर्ण सोडून क्षणभर थांबावयास सांगावे आणि पडद्याची बाजू मधल्या हाडाच्या डाव्या कडेला दाबून धरावी. द्विदल झडप अरुंद असेल तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून घंटी टोकावर अलगद टेकवावी. दूरच्या घरात कोणी जाते ओढीत असावे, तशी खोल घरघर ऐकू येते. ही मर्मर सर्वांत अधिक वेळा निसटते, कारण रुग्णाला कुशीवर वळविण्याचे श्रम कोणी घेत नाही.

अखंड मर्मर : डाव्या गळ्याखालच्या हाडाच्या खाली पिठाच्या गिरणीसारखी अखंड घरघर असेल, तर जन्मानंतर मिटावयास हवी ती नलिका उघडी राहिली आहे, असे समजावे.

एक सर्वसाधारण नियम असा की उजव्या बाजूच्या झडपांच्या मर्मर बहुधा श्वास आत घेताना वाढतात आणि डाव्या बाजूच्या श्वास सोडताना अधिक स्पष्ट होतात.

प्रत्येक मर्मर म्हणजे रोग नव्हे

हे आम्ही मुद्दाम वेगळे सांगत आहोत. पुष्कळ निरोगी मुलांत मऊ, आखूड, आकुंचनाच्या काळातील मर्मर सापडते. मूल खेळते, वाढते, दमत नाही, दोन्ही ध्वनी नीट आहेत, कंप नाही, स्थिती बदलली की आवाज कमी-जास्त होतो. अशी मर्मर बहुधा निरुपद्रवी असते. तापात, गर्भारपणात व रक्ताच्या कमतरतेत रक्त वेगाने वाहते, त्यानेही मर्मर येते. विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही आढळतो. अशा मुलाच्या छातीत मर्मर आली तर रक्ताची तपासणी आधी आठवली पाहिजे. ‘हृदयाला भोक आहे’ असा शब्द घाईने उच्चारू नये. एका बेजबाबदार वाक्याने मुलाचे खेळणे, मुलीचे लग्न आणि घराची झोप जाते.

याची दुसरी बाजूही आहे. मर्मर मोठी म्हणजे आजार मोठा, हे समीकरण चुकीचे आहे. पडद्याचे लहान छिद्र फार आवाज करते, कारण अरुंद वाटेने रक्त जोरात जाते. छिद्र मोठे असून फुफ्फुसांतील दाब वाढत गेला तर आवाज कमी कमी होतो आणि आजार मात्र वाढलेला असतो. म्हणून आवाजासोबत रुग्णाची धाप, वाढ, निळसरपणा आणि सूज यांचाही विचार करावा.

आपल्या वस्त्यांतील शत्रू : रुमॅटिक ताप

वर सांगितलेल्या द्विदल झडपेच्या विकारांचे आपल्याकडील एक मोठे कारण म्हणजे रुमॅटिक ताप. तो बहुधा ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा दुखतो आणि बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा, मग कोपर. काही मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात. घरचे त्याला वाढीच्या कळा म्हणतात किंवा कोणाची नजर लागली म्हणतात. सांध्यांची सूज काही काळाने पूर्णपणे उतरते, म्हणून सर्वजण निश्चिंत होतात. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र मागे राहू शकते. जंतू पुन्हा पुन्हा घशात आले की ती वाढते आणि पुढे काही वर्षांत झडप जाड व अरुंद होते. लहान घर, एकाच खोलीत अनेक माणसे, हवा खेळत नाही, अशा ठिकाणी हा जंतू सहज पसरतो. म्हणून हा गरिबांचा हृदयविकार आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, शिबिरात १४ वर्षांची मुलगी आली. आई म्हणते, हिला अलीकडे जिना चढताना दम लागतो, अशक्तपणा असेल. टोकाजवळ पहिला ध्वनी मंद आहे, तेथेच तिसऱ्या श्रेणीची एकसारखी फुंकर आहे आणि ती काखेत ऐकू येते. येथे न थांबता विद्यार्थ्याने आईला विचारावे, बाई, मागे कधी हिचे सांधे सुजले होते का? आई म्हणते, दोन वर्षांपूर्वी गुडघे सुजले होते, आपोआप बरे झाले. कानाने ऐकलेले आणि आईने सांगितलेले एकत्र आले की चित्र पूर्ण होते. ही मुलगी टॉनिकची बाटली देऊन परत पाठविण्याची नव्हे, इको तपासणीसाठी व हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविण्याची आहे.

अशा रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन साधारणपणे दर २१ दिवसांनी दिले जाते. झडपेला इजा झाली असेल तर निदान १० वर्षे, आणि काहींना त्याहूनही दीर्घकाळ ते घ्यावे लागते. झालेली इजा त्याने पुसली जात नाही, पण नवी इजा टळते. बरे वाटते म्हणून इंजेक्शन बंद करणे, हीच या आजारातील सर्वांत घातक चूक होय. मुलीच्या बाबतीत धोका अधिक आहे. लग्नात अडचण नको म्हणून आजार लपविला जातो, आणि गर्भारपणात हृदयावरचा भार वाढला की पहिल्यांदाच जोराची धाप लागते. म्हणून तपासणीतील गोष्ट गुप्त ठेवावी, परंतु मुलीपासून व तिच्या आईवडिलांपासून लपवू नये. झडप अरुंद असेल तर योग्य रुग्णांत छाती न उघडता फुग्याने ती रुंद करता येते. जपानचे डॉ. कांजी इनोउए यांनी ही पद्धत १९८० च्या दशकात रूढ केली.

कानाची मर्यादा

कान कितीही तयार झाला तरी त्याला मर्यादा आहे. २००७ मध्ये कंबोडिया व मोझांबिक येथील शाळकरी मुलांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नळीने जेवढी रुमॅटिक हृदयविकाराची मुले सापडली, त्यांच्या सुमारे दहापट इको यंत्राने सापडली. म्हणून मर्मर नाही याचा अर्थ आजार नाही, असा घेऊ नये. सांधे सुजल्याचा इतिहास असेल तर छाती शांत असली तरी इको करून घ्यावा. मग नळी कशाला, असे कोणी विचारील. इको यंत्र प्रत्येक खेड्यात नाही; नळी आहे. कोणाला यंत्राकडे लवकर पाठवावयाचे, हे बहुतेक ठिकाणी आजही कान आणि विचारलेला प्रश्न ठरवितो. तसेच झडपेचा विकार असलेल्याला बरेच दिवस ताप येत असेल आणि मर्मर नवी किंवा बदललेली वाटत असेल, तर हृदयाच्या आतील जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

आपण काय करावे

सभासदांना आमची विनंती अशी की त्यांनी स्वतः निदान करू नये. पाहावे आणि पाठवावे. ज्या मुलाला तापासह घसादुखी आहे, ज्याचे सांधे फिरते सुजतात, जे मूल बरोबरीच्यांपेक्षा लवकर दमते, जे तान्हे दूध पिताना घामाघूम होते किंवा निळसर पडते, त्याची छाती डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. घशाच्या आजाराला डॉक्टरांनी १० दिवसांचे पेनिसिलिन दिले असेल तर ते १० दिवस पूर्ण द्यावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शासकीय, अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते, तिच्यात जन्मजात व रुमॅटिक हृदयविकार या दोहोंचा समावेश आहे. तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नये. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया अंतर्भूत आहेत. कागदपत्रे जुळविणे हे अनेक कुटुंबांना शस्त्रक्रियेपेक्षाही अवघड वाटते. हे काम वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी अंगावर घ्यावे.

विद्यार्थ्यांना सांगणे असे की आधी निरोगी छाती ऐका. घरातील आजी, भाऊ, वसतिगृहातील मित्र, अशा शंभर निरोगी छाती ज्याने मन लावून ऐकल्या आहेत, त्याला एकशे एकावी विकृत छाती आपोआप वेगळी भासते. जे ऐकले ते लिहून ठेवा, मग इकोच्या अहवालाशी ताडून पाहा. सम्यक् स्मृतीचा अभ्यास केवळ विहारात बसून होतो असे नाही. रुग्णाच्या छातीवर नळी ठेवून, इतर सर्व विचार बाजूला सारून, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेकडे लक्ष देणे हाही त्याचाच अभ्यास आहे.

काठेवाडच्या त्या माउलीच्या वाट्याला वैद्याचा हात आला नाही. आता तो हात आपल्या मुलामुलींपाशी आहे. समोर येणारा रुग्ण कोणत्याही जातीचा, धर्माचा व वस्तीचा असो, त्याला पूर्ण तपासल्याशिवाय उठवू नये, एवढा नेम प्रत्येक विद्यार्थ्याने आजपासून करावा, ही मंगल कामना.

जयभीम ! नमो बुद्धाय !